‘होऊन जाईन’ या उत्तराचा अर्थ

नागपूरकरांची स्वतःविषयी एक आवडती समजूत आहे, ती म्हणजे आम्ही तोंडावर बोलतो. पुण्याच्या माणसाने पाहुण्याला ‘चहा घेऊनच आला असाल’ म्हणावे, मुंबईच्या माणसाने ‘भेटू या कधीतरी’ म्हणून लोकल पकडावी आणि आम्ही मात्र ‘काऊन बे’पासून सुरुवात करून मनात असेल ते सांगून मोकळे व्हावे, अशी ही वाटणी आहे. मी जन्माने आणि सवयीने याच शहराचा आहे. महाल या जुन्या वस्तीत लहानाचा मोठा झालो, सरकारी कचेऱ्यांत एकतीस वर्षे टिपण्या लिहिल्या आणि ही समजूत इतरांप्रमाणेच मीही बरीच वर्षे बाहेरगावच्या पाहुण्यांना ऐकवली. ती खरी नाही, असे आता माझे मत झाले आहे. आमच्याकडेही आडपडदा आहे, फक्त त्याचे कापड वेगळे आहे. पुण्याचा आडपडदा टोचतो म्हणून तो लगेच लक्षात येतो. आमचा मायेचा असतो, म्हणून त्याच्यामागे काय आहे हे कळायला फार वेळ लागतो.

साधे उदाहरण घ्यायचे तर सावजी भोजनालयाचे घेता येईल. नवख्या पाहुण्याने रस्सा फार तिखट आहे का असे विचारले, तर ‘नाही जी, जास्त नाही’ हेच उत्तर मिळते आणि तिसऱ्या घासाला पाहुण्याच्या कानांतून वाफा निघतात. फोनवर ‘बस, निघूनच राहिलो’ असे सांगणारा माणूस त्या वेळी आंघोळीच्या बादलीत पाणी सोडत असतो. येथील बोलीत ‘करून राहिलो’, ‘येऊन राहिलो’ हे चालू वर्तमानकाळाचे रूप आहे आणि चालू वर्तमानकाळाइतकी सोयीची सबब दुसरी नाही, कारण क्रिया सुरू असल्याचे सांगितले की ती कधी सुरू झाली आणि कधी संपणार हे कोणी विचारत नाही. या गोष्टींनी कोणाचे फारसे बिघडत नाही. दोन्ही बाजूंना हिशेब ठाऊक असतो. निघूनच राहिलेल्या माणसासाठी यजमान आणखी अर्ध्या तासाने कुकर लावतो.

प्रश्न सुरू होतो तो ‘होऊन जाईन’ या उत्तरापाशी. प्रमाण मराठीतले ‘होऊन जाईल’ आमच्या बोलीत ‘होऊन जाईन’ होते, कारण तृतीयपुरुषी भविष्यकाळातला ‘ल’ येथे ‘न’ होतो. ‘पाऊस येईन’, ‘साहेब येईन’, ‘काम होईन’ असेच आम्ही बोलतो. बाहेरच्या माणसाला त्यामुळे ‘देऊन देईन’ या शब्दांत बोलणारा स्वतः देणार आहे की दुसरा कोणी, हे कळत नाही. आम्हाला कळते असे आम्ही समजतो. परंतु एका वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मी या एका वाक्याच्या भरवशावर राहिलो आणि त्यातून जे शिकलो, त्यामुळे हा लेख लिहीत आहे.

वडील गेल्यानंतर घराच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, माझे नाव चढवायचे होते. अर्ज दिला, त्यासोबत मृत्यूचा दाखला दिला, बहिणीने तिचा हिस्सा सोडत असल्याचे मुद्रांकाच्या कागदावर लिहून दिले होते तेही जोडले. टेबलामागचा तरुण लिपिक अत्यंत सौजन्यशील होता. मला खुर्ची देत असे, माठातले पाणी स्वतः आणून देत असे आणि मी काही विचारण्याआधीच म्हणत असे, ‘होऊन जाईन, काका. तुम्ही कायले येता एवढ्या उन्हात? मी फोन करतो न तुमाले.’ मे महिन्यात नागपूरचे ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते, त्यामुळे या वाक्यातली काळजी अगदीच खोटी नव्हती. मी सात वेळा गेलो. सातही वेळा खुर्ची मिळाली, पाणी मिळाले आणि तेच उत्तर मिळाले. दिवाळीच्या सुमारास त्याची बदली झाली आणि त्याच्या जागी आलेल्या बाईंनी मला बसायलाही न सांगता रबर लावलेला गठ्ठा सोडला, कागद उलटले आणि चार मिनिटांत सांगितले, ‘हक्कसोडपत्र नोंदणीकृत नाही. असं चालत नाही. ते करून आणा, नाहीतर बहिणीचंही नाव लागेल.’

मला त्या क्षणी त्या बाईंचा राग आला आणि आधीच्या तरुणाची आठवण आली, हे कबूल केले पाहिजे. घरी येईपर्यंत मात्र लक्षात आले की सात महिन्यांत मला उपयोगी पडलेले हे पहिलेच वाक्य होते. त्याच्याशी मला काहीतरी करता येत होते. वाटल्यास भांडता येत होते, वकिलाला विचारता येत होते, बहिणीला अमरावतीहून बोलावून दुय्यम निबंधकाकडे नेता येत होते. ‘होऊन जाईन’शी काहीच करता येत नव्हते. जो माणूस तुमच्या उन्हाची काळजी करतो त्याच्याशी कोणत्या तोंडाने भांडणार?

सौजन्याच्या आड दुसरा अर्थ ठेवणाऱ्या बोलण्याचे मर्म मला येथे दिसते. ज्याच्याशी भांडता येत नाही असे वाक्य समोरच्याच्या हातात ठेवणे, हे त्याचे काम असते. काही ठिकाणी हेच त्याचे पुण्य असते आणि काही ठिकाणी हेच त्याचे पाप. ठिकाण कोणते, हे पाहिल्याशिवाय या बोलण्याला संस्कृती म्हणून डोक्यावर घेणे किंवा ढोंग म्हणून झोडपणे, दोन्ही उथळपणाचे आहे.

आपल्या भाषेला ही कला आजची नाही. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे मराठीची पूर्वज मानल्या जाणाऱ्या महाराष्ट्री प्राकृतात, एक गाथा आहे. गोदावरीच्या काठच्या झुडपांत एका स्त्रीचे संकेतस्थळ आहे आणि एक भाविक गृहस्थ तेथे फुले वेचत वावरून तिची पंचाईत करतो. ती त्याला सांगते की, महाराज, आता निर्धास्त हिंडा, तुम्हाला त्रास देणारे ते कुत्रे आज मेले, त्या झुडपांत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने त्याला मारले. शब्दांत आमंत्रण आहे आणि अर्थ इतकाच की पुन्हा इकडे फिरकू नका. नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे काव्यातल्या सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धांत मांडताना, वाच्यार्थ (शब्दांचा सरळ अर्थ) विधीचा आणि व्यंग्यार्थ (सुचवलेला अर्थ) निषेधाचा असल्याचे उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली. वर्गात ती शिकवली जाते तेव्हा तिच्यातील चातुर्याचेच कौतुक होते. मला मात्र तिच्यातली माणसांची मांडणी अधिक महत्त्वाची वाटते. त्या स्त्रीला ‘येथे येऊ नका’ असे सरळ सांगण्याची सोय नाही. तसे सांगितले तर का, हा प्रश्न येईल आणि त्या प्रश्नाचे उत्तर तिचा संसार मोडील. झाकलेला अर्थ हे तिचे शस्त्र आहे आणि तिच्यापाशी दुसरे शस्त्र नाही.

दुबळ्या बाजूने वापरलेला आडपडदा मी म्हणूनच मोडायला सांगणार नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई ‘उद्या जरा गावाले जायचं आहे जी’ असे म्हणतात तेव्हा गाव कोणते हे विचारण्याचा अधिकार मला नाही. सुटी मागितली तर पगार कापणाऱ्या घरांनी त्यांना ही भाषा शिकवली आहे. सासरी नांदणाऱ्या कित्येक पिढ्यांतील बायकांनी ‘भाजी छान झाली, थोडी उतरायला हवी होती’ अशा वाक्यांवर दिवस काढले. त्यांना ‘स्पष्ट बोला’ म्हणणे म्हणजे हातातली ढाल काढून घेऊन शौर्याचे धडे देणे होय.

घरगुती मराठीत असा आणखी एक मोठा साठा आहे, त्याला भीतीचे आणि मंगलाचे अस्तर आहे. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. दुकान बंद होत नाही, वाढवले जाते. घरातले तांदूळ संपले असे न म्हणता वाढले म्हणण्याची रीत माझ्या आईपर्यंत पाळली जात होती. रात्री सापाचे नाव न घेता ‘लांबडं’ म्हणायचे आणि अंगावर फोड आले की ‘देवी आल्या’ म्हणायचे. येथे कोणी कोणाला फसवत नाही. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही एकाच संकटाकडे पाठ करून उभे असतात. याविषयी मला तक्रार नाही आणि या शब्दांचा ऱ्हास होत आहे याचे थोडे वाईटही वाटते, पण तो वेगळा विषय झाला.

घराचा उंबरठा ओलांडला की मामला बदलतो, आणि तो नेमका कोठे बदलतो हे लग्न जुळवण्याच्या बोलाचालीत फार स्पष्ट दिसते. मुलगी पाहून गेल्यावर मुलाकडून ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप येतो, किंवा मुलीकडून ‘तिला अजून दोन वर्षे शिकायचे आहे’ असा. खरे कारण रंग, उंची, पगार किंवा नुसते न आवडणे असते. ते दोघांनाही ठाऊक असते आणि न बोलण्यात दोघांचीही अब्रू राहते. ज्याच्याशी भांडता येत नाही अशा वाक्याने येथे भांडण वाचवले, त्याला माझी ना नाही. परंतु त्याच बैठकीत, त्याच चहाच्या कपावर, दुसरे वाक्य येते, ‘आमची काही मागणी नाही जी. तुमच्या हौशीने करा. लग्न तेवढं चांगलं करून द्या.’ विदर्भातील कोणत्याही मुलीच्या बापाला विचारा, या वाक्याची किंमत तो लग्नाच्या लॉनच्या भाड्यासकट सांगेल. नकारावरचा पडदा दया असतो आणि मागणीवरचा पडदा वसुली, हा फरक एकाच कुटुंबाच्या एकाच भाषेत, अर्ध्या तासाच्या अंतराने पाहायला मिळतो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष मागणी हा गुन्हा ठरवला आहे. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द लिहिणाऱ्याने अशा बैठका पाहिल्या असाव्यात असे मला नेहमी वाटते.

दुसरी जागा म्हणजे घर भाड्याने देण्याची. आमच्याकडे वसाहतींना ले-आउट म्हणतात. अशाच एका ले-आउटात, माझ्या मित्राच्या मुलाने फाटकावरची ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी वाचून फोन केला. घर किती खोल्यांचे, भाडे किती, पाणी किती वेळ, सगळे बोलणे झाले. मग पलीकडून विचारणा झाली, ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ त्याने सांगितले. थोडी शांतता झाली आणि उत्तर आले, ‘अहो, कालच एकांना शब्द देऊन बसलो. आधी सांगायचं राहूनच गेलं. राग नका मानू.’ मुलगा हे मला हसत सांगत होता, कारण त्या महिन्यातला हा चौथा शब्द होता. संध्याकाळी मी त्याच क्रमांकावर माझे आडनाव आधी सांगून फोन केला. काल दिलेला शब्द कोठे नाहीसा झाला होता. ‘पाहायला कधी येता?’ एवढाच प्रश्न होता.

ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी जुन्या धर्माने लादलेली ओळख नाकारली, त्या शहरात ती ओळख आजही इतक्या हळुवारपणे विचारली जाते. ‘आडनाव काय’, ‘मूळ गाव कोणते’, ‘रँक किती आली होती’, ‘घरी नॉनव्हेज चालतं का’ यांपैकी कोणताही प्रश्न स्वतंत्रपणे पाहिला तर त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. विचारणाराही ‘आम्ही तसलं काही मानत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगू शकतो, कारण त्याने तसले काही विचारलेलेच नाही. माझ्या आजोबांच्या पिढीने तोंडावर ‘तुम्हाला घर देत नाही’ असे म्हटले असते. ते अमानुष होते, पण त्या वाक्याचा निषेध करता येत होता, त्याच्यावर मोर्चा नेता येत होता, कायदा करता येत होता. आजच्या ‘राग नका मानू’वर मोर्चा कसा नेणार? आम्ही सुधारलो असे ज्याला आपण म्हणतो त्यातला काही भाग एवढाच आहे की आमची भाषा पकडता येईनाशी झाली.

आता ज्या जागेशी माझी स्वतःची जबाबदारी जोडलेली आहे तिच्याकडे येतो. सरकारी मराठीत ‘कारवाई’ आणि ‘कार्यवाही’ असे दोन शब्द आहेत. कारवाई म्हणजे कोणावर तरी काही करणे आणि कार्यवाही म्हणजे कागद पुढे सरकणे. तक्रारदाराला कारवाई हवी असते आणि उत्तरात ‘उचित कार्यवाही करण्यात येईल’ असे लिहिलेले असते. तो पत्र घरी नेऊन आनंदाने वाचतो. त्या वाक्यात कर्ता नाही, तारीख नाही आणि ‘उचित’ म्हणजे कोणाच्या मते उचित याचा पत्ता नाही. हे वाक्य मी किती वेळा लिहिले याची मोजदाद नाही. वरिष्ठांना एखादी नस्ती, म्हणजे फाइल, नको असली की ते तिच्यावर ‘नको’ लिहीत नसत, ‘कृपया चर्चा करावी’ असे लिहीत. ती चर्चा होत नसे आणि ती करायची नाही हे आम्हाला ते न सांगता समजत असे. ‘तपासून पुन्हा सादर करावे’ याचा अर्थ पुन्हा सादर करू नये असा होता. ‘नस्तीबद्ध’ हा शब्द ऐकून बाहेरच्या माणसाला कागद जपून बांधून ठेवला असे वाटते. प्रत्यक्षात प्रकरण तेथे संपलेले असते. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे राज्यकारभाराची मराठी घडत गेली, त्या कामाची थोरवी मी नाकारत नाही. पण लोकांच्या भाषेत कारभार आणताना आम्ही तिच्यातले ‘नाही’ तेवढे वगळले.

हाच प्रकार मोठ्या अक्षरांत पाहायचा असेल तर दर डिसेंबरात सिव्हिल लाइन्सच्या विधानभवनाकडे पाहावे. प्रश्नोत्तरांच्या छापील यादीत ‘हे खरे आहे काय?’ या प्रश्नाला ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर असते आणि त्याखाली ‘प्रश्न उद्भवत नाही’ अशी ओळ असते. कोणता अंश खरा, हे शोधताना अधिवेशन संपते. आणि मुळात हे अधिवेशन येथे भरते ते विदर्भासह एका मराठी राज्यासाठी नेत्यांनी केलेल्या ज्या नागपूर कराराने, त्या २८ सप्टेंबर १९५३ च्या कराराची भाषा तरी काय होती? शासन दरवर्षी निश्चित कालावधीसाठी नागपुरास येईल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे होईल. ‘निश्चित’ हा शब्द आहे, आकडा नाही. किती आठवडे, किती दिवस, हे न लिहिता कालावधी निश्चित केला गेला, आणि त्यावर अधिवेशन दोन आठवड्यांत गुंडाळले म्हणून दरवर्षी ओरड करणाऱ्या आम्हाला करारात बोट ठेवायला जागा सापडत नाही. २०२० आणि २०२१ साली तर अधिवेशन मुंबईतच झाले. त्याला तत्कालीन कारणे होती, ती मी नाकारत नाही.

‘अनुशेष’ हा शब्दही याच घराण्यातला आहे. १९८३ साली विभागांमधील विकासाची तफावत मोजण्यासाठी दांडेकर समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला आणि हा शब्द विदर्भाच्या तोंडी कायमचा बसला. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष. भागाकारात बाकी उरते तसे काहीतरी आपोआप उरले आहे, असे या शब्दावरून वाटते. कोणी दिले नाही, कोणाचे कोठे वळवले, हे त्यात येत नाही. अनुशेषाला आरोपी नसतो. वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये आली, ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली आणि आमच्या सभांमधील भाषणे अजूनही याच शब्दाने सुरू होतात. ज्या शब्दाने आपली तक्रार बोथट केली तोच शब्द आपण तक्रारीचे नाव म्हणून मिरवतो, हे मला खटकते.

दिल्लीने या बाबतीत एक शहाणपणाचे काम केले होते. योगायोगाने १९५३ सालीच लोकसभेने शासकीय आश्वासनांसाठी समिती नेमली आणि मंत्र्यांच्या कोणत्या शब्दप्रयोगांना आश्वासन मानायचे याची यादी ठरवली. ‘मी त्यात लक्ष घालीन’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती घेत आहोत’ अशी वाक्ये त्या यादीत आहेत. म्हणजे ज्या वाक्यांचा खरा अर्थ ‘आता पुढे चला’ असा असतो, त्यांचा वरचा, सौजन्याचा अर्थच खरा धरून त्याचा पाठपुरावा करायचा, अशी ही युक्ती आहे. सगळी आश्वासने त्यामुळे पुरी झाली असे नाही. पण शब्दाला पकडायला मूठ तरी मिळाली.

लाच मागण्याच्या भाषेबाबत न्यायालयांनाही हेच करावे लागले. ‘चहापाण्याचं पाहा’, ‘साहेबांचं लक्षात ठेवा’ यांत मागणी कोठे आहे, असा बचाव असतो. मागणी सिद्ध झालीच पाहिजे, मात्र ती परिस्थितिजन्य पुराव्यावरूनही सिद्ध होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. आनंदवर्धनाने काव्यासाठी जे सांगितले ते आता फौजदारी कायद्यालाही उमगले आहे म्हणायचे. झाकलेली मागणी वाचायला कायदा असा हळूहळू शिकत आहे. झाकलेला नकार वाचणे मात्र अजून बहुतांशी नागरिकाच्याच नशिबी आहे, आणि माझा खरा आक्षेप या नकाराविषयी आहे.

कारण सरकारी नकार हा नागरिकाचा हक्क आहे. हे विचित्र वाटेल, पण महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वाचून पाहावा. अधिसूचित सेवेचा अर्ज आला की त्याची पोच द्यायची, ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायची किंवा कारणे लेखी नमूद करून अर्ज फेटाळायचा. फेटाळला किंवा मुदत टळली तर अपील करता येते आणि कसूर करणाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती अधिकारातही नकाराची कारणे सांगावी लागतात. सरकारी कामातील विलंबाविरुद्धच्या २००५ च्या राज्य कायद्याने तर कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कार्यालयीन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे म्हटले आहे. या सगळ्या व्यवस्थेला चालना मिळते ती दोन गोष्टींनी, लेखी नकाराने किंवा अर्जाच्या तारखेने. ‘होऊन जाईन’ म्हणणारा माणूस नकार देतच नाही, आणि ‘पोच कायले पाहिजे, आपलंच काम आहे’ असे म्हणून तारीखही देत नाही. त्याच्या सौजन्यात अपिलाचा सगळा रस्ता गडप होतो. माझ्या अर्जाचीही पोच मी घेतली नव्हती. एकतीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाने ती घेतली नाही, कारण मागणे असभ्य वाटले.

यावर माझे जुने सहकारी दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी की लिपिक ‘नाही’ म्हणाला तर संध्याकाळी नगरसेवकाचा, आमदाराच्या स्वीय सहायकाचा फोन येतो आणि ‘होईन’ म्हणाला तर कोणाचाच येत नाही. मग त्याने काय करावे? हे खरे आहे. त्या तरुणालाही हक्कसोडपत्राची अडचण पहिल्या दिवशीच दिसली असेल आणि पांढऱ्या केसांच्या निवृत्त माणसाला ती सांगणे त्याच्या जिवावर आले असेल. तोही त्या गाथेतल्या स्त्रीसारखा अडचणीतच होता, असे कोणी म्हणेल. पण तिच्या झाकलेल्या बोलण्याचा भुर्दंड त्या भाविक गृहस्थाला पडला तो फुलांच्या एका परडीचा. येथे भुर्दंड माझा होता, आणि माझ्याजागी रामटेकहून किंवा काटोलहून दिवसाची मजुरी बुडवून येणारा माणूस असता तर सात फेऱ्यांचा अर्थ सात दिवसांची चूल असा झाला असता. लिपिकाला संरक्षण हवे, हे मान्य. पण ते त्याच्या वरिष्ठांनी आणि नियमाने द्यावे, ते अर्जदाराच्या खिशातून वसूल होऊ नये.

दुसरा आक्षेप मायेचा आहे. अशाने माणसे कोरडी होतील, खुर्ची आणि पाणी जाईल, सगळीकडे त्या बाईंसारखे ‘चालत नाही’ ऐकू येईल. मला हे पटत नाही. खुर्ची देऊन, पाणी पाजून, ‘काका, हे असं होत नाही, यात अमुक कागद कमी आहे’ असे सांगायला कोणती अडचण आहे? आमच्या बोलीतला ‘जी’ कोणत्याही वाक्याला लागतो. ‘नाही जी’ हे तर आमचे रोजचे बोलणे आहे. सावजीच्या रश्श्यापुरते ते का राखून ठेवायचे? सौजन्य आवाजात असावे आणि माहिती शब्दांत असावी. आम्ही माहितीच्या जागी सौजन्य भरतो, आणि त्यालाच दिलदारपणा म्हणतो.

नोंदणीचे काम पुढे झाले. गेल्या महिन्यात एका वेगळ्या कामासाठी पुन्हा एका खिडकीसमोर उभा होतो. माझ्यापुढच्या विशीतल्या मुलाने अर्ज आत सरकवला आणि पोच मागितली. आतून प्रेमळ आवाज आला, ‘विश्वास नाही काय जी आमच्यावर?’ मागे रांगेतले दोघेतिघे हसले. मुलगा लाजला, पण खिडकीवरून हात काढीना. आतल्या गृहस्थांनी शिक्का शोधला, शाईच्या डबीवर दाबला आणि दुसऱ्या प्रतीवर उमटवला. मुलाने तो उजेडात धरून वाचला आणि कागद परत आत दिला. शिक्क्यावर कालची तारीख होती. ती बदलून घेऊन तो बाजूला झाला आणि माझा नंबर आला.